ते झाकण नाही, अण्णा!

सहा अंड्यांतली दोन वाचली. बाकीची चार दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, मिट्ट अंधारात गेली. आमच्या इमारतीच्या जिन्यात माणूस आला की आपोआप लागणारे दिवे आहेत. त्यांच्यासाठी दर घरामागे साडेतीनशे रुपये घेतलेले आहेत. मी माणूस आहे, मी आलेलो होतो, साडेतीनशेची पावतीही घरात आहे. दिवा लागला नाही. अंडी काळ्या पिशवीत होती, कारण आमची इमारत शाकाहारी आहे. निदान जिन्यापुरती.

असा दिवा लागला नाही की माणूस काय करतो? हात हलवतो. मीही हलवले. मग वाकलो, उठलो, एक पाऊल मागे गेलो, दोन पुढे आलो. शेवटी उड्या मारल्या. तिसरी उडी पिशवीला मानवली नाही. तेवढ्यात खालून अण्णांचा टॉमी आला आणि पहिल्या मजल्यावरचा दिवा त्याच्यासाठी टकन लागला. कुत्रा उजेडात पायऱ्या चढला, माझ्यापाशी अंधारात आला आणि चाटायला लागला. मला नव्हे.

दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. अण्णा म्हणजे आमचे सचिव. हातात टॉर्च.

“कोण आहे तिथं? अरे, तुम्ही होय! अंधारात नाचून काय राहिले, भाऊ?”

“दिवा लागत नाहीये, अण्णा.”

“लागते ना. आत्ता टॉमीसाठी लागला की खाली.” त्यांनी माझ्या पायांपासून डोक्यापर्यंत टॉर्च फिरवली, दवाखान्यात तपासतात तशी. “ते गरम अंगाला लागते, भाऊ. तुमची प्रकृती थंड असन. खजूर खात जा.”

मे महिना. नागपूर. दुपारी पारा चव्वेचाळीसला टेकलेला, आणि रात्री साडेनऊलाही जिन्याच्या भिंतीला पाठ लावली तर शेकून निघावी. अशा वेळी मला थंड म्हणतात, तेही कुत्र्याच्या तुलनेत! पण खरा राग त्याचा नव्हता. अण्णांचं अर्धं वाक्य बरोबर होतं. साफ चुकणाऱ्या माणसाशी भांडता येतं. अर्धं बरोबर बोलणारा माणूस फार छळतो.

तो सेन्सर गरम अंगालाच लागतो, हे खरं. स्वतः तो काही सोडत नाही, ना किरण ना आवाज. भिंतीवर बसून नुसता वाट पाहतो. सोडण्याचं काम आपलं. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानाप्रमाणे अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, किरण बाहेर टाकत असते. माणसाची कातडी साधारण ३३-३४ अंशांवर असते आणि तिच्या किरणांचा भर साडेनऊ मायक्रॉन लांबीच्या लहरींच्या आसपास पडतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांना दिसणारा तांबडा रंग ०.७ मायक्रॉनच्या आसपासच संपतो. म्हणजे आपण रात्रंदिवस उजळत असतो, फक्त कोणाला दिसत नाही. घरी हे सांगितलं तर उत्तर आलं, “दिवे लावलेत खरे तुम्ही.”

आत एक छोटी धातूची डबी असते, तीन पायांची, शर्टाच्या बटणाएवढी. तिच्या माथ्यावर खिडकी. ती साधारण ५ ते १४ मायक्रॉनचेच किरण आत घेते, बाकीच्यांना दारातून परत. खिडकीखाली शेजारीशेजारी दोन पट्ट्या. नेहमीच्या डबीत पट्टी १ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर उंच, मध्ये १ मिलिमीटरची फट. जोडणी मात्र उलट्या दिशांनी. एकीवर उष्णता वाढली की व्होल्टेज वर, दुसरीवर वाढली की खाली. दोघींवर एकदम वाढली तर बेरीज शून्य. दुपार तापली, भिंती तापल्या, की दोघी जावा एकमेकींचं म्हणणं खोडून काढतात आणि घरात शांतता राहते.

शिवाय या पट्ट्यांना उष्णता कळतच नाही. उष्णता बदलली तर कळतं. ही खोड जुनी आहे. डच व्यापारी श्रीलंकेहून तुरमलीचे खडे युरोपात नेत. खडा तापला की तो चुलीतली राख ओढून घेतो हे पाहून त्यांनी त्याचं नावच ‘राखओढ्या’ अशा अर्थाचं पाडलं. पुढे १८२४ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी या गुणाला पायरोइलेक्ट्रिसिटी हे भारदस्त नाव दिलं. खडा नवा विद्युतभार दाखवतो तो तापताना नाहीतर निवताना. एका तापमानाला स्थिरावला की हळूहळू गप्प. आज डबीत तुरमली नसते, बहुधा सिरॅमिक असतं, पण स्वभाव तोच. म्हणूनच पुतळ्यासारखा उभा राहिलेला माणूस सेन्सरच्या लेखी नसतो. ऑफिसच्या संडासात मध्येच दिवा जातो तोही याच कारणाने. तिथे बसलेल्या माणसाकडून सतत हालचालीची अपेक्षा ठेवणारा जो कोणी असेल, त्याच्या घरीही तोच दिवा लावावा.

आता झाकण.

त्या डबीवर पांढरा, दुधी रंगाचा घुमट असतो. दुकानदार त्याला कव्हर म्हणतो, इलेक्ट्रिशियन टोपी म्हणतो आणि अण्णा झाकण म्हणतात. ते भिंग आहे! एक नव्हे, आठ-दहापासून वीस-पंचवीसपर्यंत बारकी भिंगं एकाच पत्र्यात शेजारीशेजारी दाबून काढलेली. घुमट उजेडाकडे धरून तिरका पाहिला तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खण दिसतात आणि प्रत्येक खणात बारीक गोल रेषा. बोट फिरवलं तर बाहेरून गुळगुळीत, आतून खरखरीत. ही खरखर म्हणजेच भिंग. कंगोरे मुद्दाम आत ठेवतात, म्हणजे त्यांत धूळ बसत नाही आणि काकू तारेच्या घासणीने घासत नाहीत.

ही युक्ती ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच माणसाची. कामच दीपगृहांचं. दिव्याचा उजेड लांब समुद्रात फेकायचा तर मोठं भिंग हवं, आणि मोठं भिंग म्हणजे मणभर काच. फ्रेनेलने पाहिलं, प्रकाश वळतो तो भिंगात शिरताना आणि बाहेर पडताना, म्हणजे पृष्ठभागावर. मधलं पोट नुसतं ओझं. त्याने पोट काढून टाकलं आणि वरचा उतार कापून एकात एक बसणाऱ्या कड्यांत मांडला. कलिंगडाचा गर खाऊन सालीची वळी ताटात सपाट रचावीत, तसं. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात ते भिंग लागलं. चारच वर्षांनी, ३९व्या वर्षी तो गेला. आपल्या भिंगाखाली कोणी अंड्यांसकट उड्या मारील, हे त्याला कळलं नाही ते बरंच झालं.

आमच्या जिन्यात पोट काढायला आणखी एक कारण आहे. हा घुमट पॉलिथिनचा असतो, रॉकेलच्या कॅनचं किंवा शॅम्पूच्या बाटलीचं जे घट्ट प्लॅस्टिक, त्याच जातीचा. पॉलिथिन साडेनऊ मायक्रॉनला वाट देतं, पण पातळ असेल तरच. जाड झालं की तेच किरण पिऊन टाकतं. पोटवालं भिंग पॉलिथिनचं केलं असतं तर किरण एका जागी आणता आणता त्यानेच गिळले असते. म्हणून जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर.

भिंग दोन कामं करतं. पहिलं, किरण गोळा करून त्या इवल्याशा पट्ट्यांवर टाकायचे. घुमट काढून उघडी डबी वापरली तर सेन्सर मरत नाही, पण त्याची नजर सहा-सात मीटरवरून मीटरभरावर येते. दुसरं काम लोकांच्या लक्षातच येत नाही. प्रत्येक खण त्या दोन पट्ट्यांचं मोठं केलेलं रूप समोर पसरतो. सगळ्या खणांचं मिळून जिन्यात न दिसणारं झेब्रा क्रॉसिंग तयार होतं: अधिक, उणे, रिकामं, अधिक, उणे, रिकामं. तुम्ही ते आडवं ओलांडलंत की व्होल्टेज हेलकावे खातं. हेलकावा मोठा झाला की चिपला कळतं आणि दिवा लागतो. सेन्सरने माणूस पाहिलेला नसतो. कोमट काहीतरी या पट्ट्यातून त्या पट्ट्यात सरकलं, एवढीच त्याची साक्ष.

हिशेब सोपा आहे. भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून किरण जिथे एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर, २५ मिलिमीटर धरा. १ मिलिमीटरची पट्टी २ मीटरवर ८ सेंटिमीटर रुंद होते, ५ मीटरवर २० सेंटिमीटर. म्हणजे जवळ बोटभर हललं तरी चालतं. पाच मीटरवर वीतभर सरकल्याशिवाय खबर लागत नाही. आणि सरळ सेन्सरकडे चालत आलात तर? तुम्ही एकाच पट्ट्यात राहता. अंग हळूहळू मोठं होतं, पण ओलांडणं होत नाही. पहिल्या मजल्यावरचा सेन्सर नेमका पायऱ्यांच्या नाकासमोर बसवलाय. मी मधोमध सरळ चढतो. टॉमी या भिंतीचा वास घेतो, मग त्या भिंतीचा, पुन्हा या. सरळमार्गी माणसाला अंधार आणि नागमोडी कुत्र्याला उजेड, याचा खुलासा एवढाच. माझ्या प्रकृतीचा काही संबंध नाही.

बसवायचा कसा, तर जिन्याच्या बाजूच्या भिंतीवर, सात-आठ फुटांवर, म्हणजे चढणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जातो. डबीतल्या दोन पट्ट्या आडव्या रांगेत याव्यात. डबी जिच्यावर बसवलेली असते ती सर्किटची पाटी नव्वद अंशांत फिरवली तर एकीखाली दुसरी येते आणि आडवं चालणाऱ्याची किंमत कमी होते. घुमट कडांना नीट टचकन बसलेला हवा. अंगठ्याने चेपला किंवा तिरका बसला तर नाभीचं गणित बिघडतं आणि पट्टे एकमेकांत मिसळतात. समोर कूलर नको, कारण त्याच्या झोतासरशी पडदा, भिंत, हवा सगळंच तापतं-निवतं आणि दिवा भुताने झपाटल्यासारखा लागत राहतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्याची हीच तऱ्हा आहे, पण तो लागतो तरी, म्हणून मी बोलत नाही.

नागपूरच्या मे महिन्याचं मात्र कोणी काही करू शकत नाही. सेन्सर फरकावर जगतो. थंडीत भिंत १५ अंशांवर आणि चेहरा ३२ वर, मग काय, माणूस मशालीसारखा दिसतो. मेमध्ये रात्री भिंतच ३५ ला, आणि अंगही तेवढंच. माणूस भिंतीत विरघळून जातो. भिंत अंगाहून बरीच तापली तर तो पुन्हा दिसायला लागतो, गरम भिंतीवरचा गार डाग म्हणून. तेव्हा थंड प्रकृतीचे अण्णाही ठरतील. पण दुसऱ्या मजल्यावरच्या सेन्सरला एवढीही सबब नव्हती.

टॉर्च माझ्या डोक्यावरून पुढे सरकली तेव्हा भिंतीवर काहीतरी चमकलं.

“हे काय आहे, अण्णा?”

“काच.”

“ती दिसली. पण सेन्सरवर का?”

“पालीसाठी.” अण्णांनी टॉर्च काचेवर स्थिर धरली, प्रदर्शनात ठेवल्यासारखी. चार बोटं लांबीरुंदीची चौकोनी काच, चारी बाजूंनी एम-सील थापलेलं, त्यावर अंगठ्याचे ठसे. “रात्रभर त्या झाकणावर पाल बसे. ती फिरली की दिवा लागे. फिरली की लागे. मी दोन रात्री मोजलं. मग गजानन महाराजांच्या फोटोची जुनी काच होती, फोटो नव्या फ्रेमीत गेला तेव्हाची. वाया कायले घालवायची? झाकणावर झाकण लावून टाकलं. धूळ नाही, पाल नाही. अन् गेल्या महिन्यात बिल कमी आलं, पाहून घ्या.”

पालीचं निरीक्षण चोख होतं. भिंगावर चालणारी पाल म्हणा, कोळी म्हणा, एकेक खण झाकत-उघडत जातो आणि सेन्सरला वाटतं पलटण निघाली.

“दिवाच लागत नाही म्हटल्यावर बिल कमी येईलच ना, अण्णा.”

“मग, तेच सांगून राहिलो! बचत.”

“अहो, काचेतून जात नाही ते.”

“काय जात नाही?”

“अंगाची उष्णता. आत पोचतच नाही.”

अण्णांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “भाऊ, काच आहे ती. आरपार दिसते.” त्यांनी टॉर्च काचेला चिकटवली, मागचा घुमट कंदिलासारखा उजळला. “हा उजेड गेला की नाही? मग तुमची उष्णता काय उजेडापेक्षा जाड आहे?”

मी क्षणभर गप्प बसलो, कारण ती खरंच जाड आहे. उजेड अर्ध्या मायक्रॉनचा, माझी उष्णता साडेनऊची. जाड म्हणा, लांब म्हणा, जवळजवळ वीसपट. नेहमीची काच तीन-चार मायक्रॉनपर्यंत वाट देते आणि पुढे भिंत होते. उलट तो दुधी घुमट, ज्यातून डोळ्याला पलीकडचं धड दिसत नाही, तो साडेनऊला खुला दरवाजा. डोळ्याला जे पारदर्शक ते सेन्सरला विटेचं, आणि डोळ्याला जे बंद ते त्याला उघडं. हे मी जिन्यात उभा राहून, बुटाखाली अंड्याचा बलक असताना समजावू लागलो. अण्णा म्हणाले, “पुस्तकातलं नका सांगू, दाखवा.”

मग आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. काकूंच्या पोळ्या नुकत्याच आटोपल्या होत्या.

कोणाला करून पाहायचं असेल तर रीत अशी. गॅस बंद करायचा. तापलेला तवा पकडीने उभा धरायचा. आडवा धरला तर वर जाणारी गरम हवाच हाताला लागते आणि प्रयोग फसतो. तळहात वीतभर लांब. कातडीला ऊब लागते. मध्ये काच धरा. ऊब त्या क्षणी तुटते, पंख्याचं बटण बंद केल्यासारखी. थोड्या वेळाने काच स्वतः तापते आणि पुन्हा काहीतरी लागतं, पण ते काचेचं, तव्याचं नव्हे. आता काच काढून धुतलेली दुधाची पिशवी एकेरी ताणून धरा, तव्यापासून दूर, नाहीतर वितळेल. ऊब येत राहते.

अण्णांनी तळहात पुढे केला, मागे घेतला, काच उलटीसुलटी करून पाहिली. काकूंनी तवा धरला होता आणि त्यांचा हात दुखू लागला होता. मी भरात होतो. म्हणालो, काळी पिशवी असेल तरीही जाईल, डोळ्याला कितीही बंद वाटली तरी. आणि दाखवायला म्हणून हातातली पिशवी वर केली.

काकूंनी वास घेतला. “कशाचा वास येऊन राहिला हो?”

“तव्याचा,” मी म्हणालो आणि पिशवी पाठीमागे घेतली.

“जिन्यातही येऊन राहिला मघापासून,” अण्णा म्हणाले. टॉमी माझ्या पाठीमागे गेला.

विषय बदलणं भाग होतं. तो अण्णांनीच बदलला, आणि तोही उत्तम प्रश्नाने. “मग काचेतून ऊन कसं येते? ती उष्णता नाही का?”

मी सांगितलं, सूर्य साडेपाच हजार अंशांचा, त्याचं ऊन बहुतेक आखूड लहरींचं, ते काचेतून सहज येतं. तवा दोनशेचा, आपण चौतिसाचे, आपल्या लहरी लांब. म्हणून तर दुपारी उभी केलेली गाडी भट्टी होते. ऊन काचेतून आत येतं आणि तापलेल्या सीटची उष्णता काचेतून बाहेर पडत नाही. अण्णांची गाडी दिवसभर उन्हात उभी असते. त्यांना हे पटलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, जिंकलो.

“म्हणजे काच उन्हाला सोडते, माणसाला नाही.”

“अगदी बरोबर!”

“मग हा दिवा दिवसा लागत असन.”

दिवसा लागू नये म्हणून त्यात वेगळा प्रकाशाचा डोळा असतो, हे सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. तेवढ्यात अण्णांना स्वतःचा पुरावा आठवला. “अन् कोण म्हणते लागत नाही? चला माझ्यासोबत.”

खाली मीटरच्या खोलीत जाऊन त्यांनी जिन्याच्या दिव्यांचं एमसीबी, म्हणजे वीज तोडायचा खटका, खाली पाडलं, दहा आकडे मोजले, वर केलं. तिन्ही मजल्यांवर दिवे लागले. अण्णांनी दोन्ही हात पसरले. “पाहा! लागला की नाही!”

लागणारच होता. वीज आल्यावर आतल्या सर्किटला स्थिरस्थावर व्हायला अर्धं-एक मिनिट लागतं, आणि तेवढ्यात त्याला सगळीकडे हालचालच दिसते. आमच्याकडचे दिवे तेव्हा हमखास लागतात. समोर माणूस असो, पाल असो की काँक्रीटची भिंत. मी घड्याळ पाहत होतो. चाळिसाव्या सेकंदाला अंधार झाला.

“झाली बचत सुरू,” अंधारातून अण्णा म्हणाले.

बचतीचं सांगतो. दिवा ९ वॅटचा. अख्खी रात्र, बारा तास जळत ठेवला तरी ०.१०८ युनिट. एक युनिट संपवायला त्याला १११ तास लागतात. म्हणजे एका दिव्यामागे रात्रीला सगळा खटाटोप रुपयाभराचा. त्या रुपयासाठी वेळेचा स्क्रू पार मागे फिरवलाय. असल्या मॉड्यूलवर साधारण असे दोन स्क्रू असतात, एक वेळेचा, एक पल्ल्याचा. वेळेचा अगदी मागे असला की दिवा तीन-चार सेकंदच राहतो, पुढे नेला तर पाच मिनिटांपर्यंत. तीन सेकंदांत पाच पायऱ्या होतात. सहाव्या पायरीवर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी कठड्याला धरून अंधारात उभ्या राहतात, आणि त्यांनी हात हलवायचा तर कठडा सोडायचा. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आपण किती युनिटं लावणार? खोक्यात घडीचा कागद होता. त्यावर चित्रासह छापलेलं होतं, समोर काच नको, घुमटाला रंग नको, वाट आडवी हवी. तो कागद मी पाहिलाय. मीटरच्या खोलीचं दार वाजू नये म्हणून त्याची घडी फटीत सारलेली आहे. ज्याने बसवलं त्याने वाचला नाही, ज्यांनी पैसे दिले त्यांनी मागितला नाही, आणि तक्रार केली की ‘पुढच्या सभेत घेऊ’. पुढची सभा दिवाळीनंतर.

तरी मी रीतसर अर्ज लिहिला. दोन प्रती, एकीवर पोच. “दुसऱ्या मजल्यावरील सेन्सरवर लावलेले झाकण त्वरित काढावे,” असं स्वच्छ अक्षरात. झाकण हा शब्द काचेसाठी मीच लिहिला. म्हटलं, अण्णांना त्यांच्याच भाषेत कळावं. सभेची वाट न पाहता आठवड्यात काम झालं. माणूस आला, त्याने एम-सील फोडून काच अलगद काढली, आतला दुधी घुमट टचकन उचकटला, आणि काच नव्या एम-सीलने परत बसवली. अण्णांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं. “तुमच्या मनासारखं केलं, भाऊ. झाकण काढलं. काच महाराजांची, तिला हात नाही लावू देला.”

घुमट मीटरच्या खोलीत फ्यूजच्या डब्यावर पडलेला आहे, कंगोरे वर. त्यात कोणीतरी तीन खिळे ठेवलेत.

खालच्या फळ्यावर नवी सूचना लागलीय: जिन्यात अभक्ष्य पदार्थ सांडणाऱ्याकडून २०० रुपये दंड घेतला जाईल, सचिव. फळ्यावरच्या दिव्याला सेन्सर नाही. तो चोवीस तास चालू असतो.

मी आता वेगळं करतो. खाली आलो की मीटरच्या खोलीत जातो, एमसीबी पाडतो, दहा मोजतो, वर करतो. चाळीस सेकंद मिळतात. दोन मजल्यांच्या छत्तीस पायऱ्या, हातात दूध असलं तरी पस्तीस सेकंदांत होतात; तिसरा मजला कूलरच्या कृपेने उजळलेलाच असतो. काल दारात टॉमी बसून होता. दिवे लागले तसा तो उठला आणि माझ्यापुढे चढायला लागला, या भिंतीकडून त्या भिंतीकडे. मी त्याच्या मागोमाग, त्याच्याच वळणाने गेलो. पहिल्या मजल्यावरचा दिवा शेवटपर्यंत गेला नाही.